जन्माने ठरलेला गुन्हा : वसाहतकालीन कादंबरीतील प्रतीके, अपराधभाव आणि नैतिक पोकळी

संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा शाळेच्या आठवणी लिहाव्यात असे प्रथम मनात आले. परंतु आठवणी लिहिणारे माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत आणि त्यांच्याजवळ सांगण्यासारखे माझ्याहून अधिक आहे. मी इतिहासाचा शिक्षक. म्हणून आपल्या मुलखाशी जवळचा संबंध असलेल्या एका जुन्या इंग्रजी कादंबरीविषयी, तिने सर्वदूर पोचविलेल्या एका कल्पनेविषयी आणि त्या कल्पनेचे ओझे आजही वाहणाऱ्या मुलांविषयी लिहावयाचे ठरविले. लेखाच्या शेवटी माझ्या हातून घडलेली एक चूकही नोंदविणार आहे. ती नोंदविल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा अधिकार मला पोचत नाही.

आरंभी शीर्षकातील तीन शब्दांचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्रतीक म्हणजे स्वतःपलीकडचा अर्थ सांगणारी वस्तू. निळा ध्वज हे एक कापड असते; परंतु तो पाहताच आपल्या मनात जे उभे राहते, ते कापडापुरते नसते. अपराधभाव म्हणजे आपल्या हातून वाईट घडल्याची बोचणी. आणि ती बोचणी जिथे असावयास हवी, तिथे काहीच नसणे, याला नैतिक पोकळी म्हणता येईल. धम्माच्या परिभाषेत यासाठी 'हिरी' आणि 'ओत्तप्प' असे दोन शब्द आहेत. वाईट कृत्याची स्वतःच्याच मनाला वाटणारी लाज म्हणजे हिरी. त्या कृत्याच्या परिणामाचे आणि सुज्ञांच्या निंदेचे भय म्हणजे ओत्तप्प. तथागतांनी या दोहोंना जगाचे रक्षक म्हटले आहे. हे दोन रक्षक जिथून निघून जातात, तिथे पोकळी उरते. ती एखाद्या माणसात असू शकते, तशीच राज्यव्यवस्थेत आणि समाजातही असू शकते.

नळदुर्गचा साहेब

१८०८ साली लिव्हरपूल येथे जन्मलेला फिलिप मेडोज टेलर वयाच्या पंधराव्या वर्षी मुंबईत एका व्यापाऱ्याकडे कामासाठी आला आणि लवकरच हैदराबादच्या निजामाच्या नोकरीत शिरला. आयुष्याचा फार मोठा काळ त्याने दख्खनमध्ये घालविला. तुळजापूरच्या पुढे, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गचा किल्ला आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. १८५३ मध्ये त्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार टेलरकडे आला. त्याची 'तारा' ही १८६३ मधील कादंबरी तुळजापूरच्या परिसरात घडते. बीड आणि धाराशिव हे शेजारी जिल्हे. त्यामुळे हा लेखक आपल्याला वाटतो तितका परका नाही.

नळदुर्ग कंपनीच्या हाती कसे गेले, हेही जाणून घेण्यासारखे आहे. निजामाच्या खर्चाने एक फौज ठेवण्यात आली होती. हुकूम मात्र तिच्यावर इंग्रज अधिकाऱ्यांचा चाले. त्या फौजेच्या खर्चाची थकबाकी वाढली आणि १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्गचा मुलूख कंपनीने आपल्या ताब्यात घेतला. नळदुर्ग आणि रायचूर १८६० मध्ये निजामाला परत मिळाले. आपल्याच हुकमातील फौजेचे बिल दुसऱ्याच्या नावावर चढवावयाचे आणि ते फिटले नाही म्हणून त्याचा मुलूख घ्यावयाचा, हा व्यवहार कागदोपत्री चोख होता. त्याला कोणी गुन्हा म्हटले नाही. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडेल.

टेलर निर्दय अधिकारी नव्हता. या मुलखातील भाषा, माणसे आणि चालीरीती यांविषयी त्याला खरी आस्था होती. म्हणूनच त्याचे लेखन अभ्यासण्याजोगे आहे. दुष्ट माणसाच्या लेखनातील दोष चटकन दिसतो. सज्जन माणसाच्या लेखनातील पोकळी शोधावी लागते.

रुमाल, कुदळ आणि गूळ

१८३० च्या दशकात विल्यम स्लीमन याच्या पुढाकाराने ठगांच्या बंदोबस्ताची मोठी मोहीम चालू होती. पकडलेल्यांपैकी काहींना माफीचे साक्षीदार केले जाई आणि त्यांच्या जबान्यांवरून इतरांना शिक्षा होई. अशा जबान्या टेलरने स्वतः ऐकल्या होत्या. त्यांच्या आधारे त्याने लिहिलेली 'कन्फेशन्स ऑफ अ ठग', म्हणजे एका ठगाची कबुली, ही कादंबरी १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि इंग्लंडमध्ये विलक्षण गाजली.

कादंबरीची रचना साधी आहे. तुरुंगातील अमीर अली बोलतो आणि एक साहेब ऐकतो. लहानपणी अमीर अलीच्या आईबापांचा ठगांनी खून केलेला असतो. त्याच टोळीतील इस्माईल त्याला मुलगा म्हणून वाढवितो आणि तो मोठेपणी ठग होतो. आपल्या हातून ७१९ माणसे मारली गेल्याचा हिशेब तो देतो आणि कैद झाली नसती तर हा आकडा हजारावर गेला असता, अशी खंतही व्यक्त करतो. त्याला खंत वाटते ती आकडा अपुरा राहिल्याची.

या कादंबरीतील प्रतीके पाहा. गळ्याला आवळण्याचा रुमाल, पूजेतील कुदळ आणि टोळीत सामील होताना खावयाचा मंतरलेला गूळ. या तिन्ही वस्तू आपल्या रोजच्या जगण्यातील आहेत. रुमाल शेतकऱ्याच्या डोक्याला असतो, कुदळ मजुराच्या खांद्यावर असते आणि गूळ पाहुण्याच्या हातावर ठेवला जातो. लंडनमध्ये बसून वाचणाऱ्याला मात्र या वस्तूंमधून एकच अर्थ कळला असेल, की या देशातील साध्या वस्तूंच्या आड खून दडलेला आहे आणि वाटेवर भेटणाऱ्या कोणत्याही गरीब माणसावर विश्वास ठेवता येत नाही. प्रतीकाचे सामर्थ्य असे असते. एकदा ते मनात बसले की पुराव्याची गरज उरत नाही.

अमीर अलीला अपराधभाव मुळीच नाही असे नाही. अजाणतेपणी तो स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या मृत्यूला कारणीभूत होतो आणि ते कळल्यावर कोसळतो. कादंबरीतील हा भाग वाचताना अंगावर काटा येतो. पण विचार केला तर ध्यानात येते, की ज्यांना मारले ती माणसेही कोणाच्या तरी बहिणी आणि भाऊ होते, हे त्याला तेव्हाही जाणवत नाही. त्याची बोचणी रक्ताच्या नात्यापाशी थांबते. नैतिक पोकळीचे हे अचूक चित्रण आहे आणि त्याचे श्रेय टेलरला दिलेच पाहिजे. आपल्या माणसाचे दुःख तेवढे दुःख आणि बाकीच्यांचे नुसते आकडे, हा रोग ठगांपुरता मर्यादित नाही. जातीच्या भिंतींआड राहणाऱ्या समाजाला तो चांगलाच परिचित आहे.

ऐकणारा साहेब

टेलरने अमीर अलीचे अंतःकरण उघडून दाखविले. पण समोर बसून लिहून घेणाऱ्या साहेबाचे अंतःकरण बंदच राहिले. साहेब विचारतो, ऐकतो, शहारतो आणि टिपून घेतो. तो कोणाच्या वतीने तिथे बसला आहे, हा प्रश्न कादंबरीत महत्त्वाचा ठरत नाही. हे पुस्तक निघाले त्याच १८३९ साली चीनशी पहिल्या अफूच्या युद्धाला तोंड फुटले. हिंदुस्थानात पिकलेली अफू चीनमध्ये खपविण्याचा व्यापार चालू राहावा, हे त्या युद्धामागील प्रमुख कारण होते. त्या व्यापाराच्या बळींचा हिशेब देण्यासाठी कोणी साहेबासमोर बसला नाही. कबुली देणारा एकच, न्याय करणारा एकच आणि दोघांच्या जागा आधीच ठरलेल्या. कादंबरीच्या या रचनेमुळे गुन्हा नेहमी एकाच बाजूला पडतो.

वाटमारी आणि खून होत होते, यात शंका नाही. ज्यांचे आप्त वाटेत मारले गेले, त्यांचे दुःख खरे होते. परंतु सगळ्या देशभर पसरलेला, वंशपरंपरेने चालणारा, खुनालाच धर्म मानणारा एक पंथ होता, हे चित्र बव्हंशी माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर उभे राहिले. स्वतःचा जीव वाचविण्यासाठी दिलेली साक्ष कितपत विश्वसनीय मानावयाची, हा प्रश्न आधुनिक इतिहासकारांनी विचारला आहे आणि तो रास्त आहे.

कल्पनेचा कायदा होतो

कादंबरीच्या आधीच, १८३६ मध्ये, कंपनी सरकारने ठगांविषयी कायदा केला होता. एखादा माणूस ठगांच्या टोळीत कधीही सामील होता, एवढे सिद्ध झाले तरी त्याला सक्तमजुरीसह जन्मकैद देता येई. त्याने स्वतः कोणता खून केला, हे दाखविण्याची गरज नव्हती. जबलपूर येथे माफीच्या साक्षीदारांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी एक 'उद्योगशाळा' काढण्यात आली. तिथे तंबू आणि गालिचे विणले जात. त्या मुलांनी काहीही केलेले नव्हते. बापाचा गुन्हा मुलात उतरतो, या समजुतीपोटी त्यांना नजरेखाली ठेवले गेले. शाळा या शब्दाचा असाही एक अर्थ आपल्या देशात होऊन गेला आहे.

१८७१ मध्ये 'क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट' म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा झाला. प्रथम तो उत्तरेकडील प्रांतांना लागू होता; १९११ आणि १९२४ च्या कायद्यांनी त्याचा विस्तार झाला. संपूर्ण जमातीची नोंद, ठरलेल्या वेळी हजेरी, परवानगीविना गाव सोडण्यास मनाई आणि पुढे तारेच्या कुंपणातील वसाहती, असे त्याचे स्वरूप होते. सोलापूरची अशी वसाहत आपल्यापासून फार दूर नाही.

हे विधेयक मांडताना सरकारच्या बाजूने झालेला युक्तिवाद ध्यानात घेण्यासारखा आहे. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो. त्याच न्यायाने काही जमाती पिढ्यान्‌पिढ्या गुन्हेगार असतात, असे त्याचे सार होते. स्वतःला आधुनिक म्हणविणाऱ्या राज्यकर्त्यांनी इथे चातुर्वर्ण्याचेच तर्कशास्त्र उसने घेतले. जन्मावरून धंदा ठरतो, हे मनुस्मृतीने सांगितलेच होते. साहेबाने त्यात जन्मावरून गुन्हा ठरतो, एवढी भर घातली. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले होते, त्यांनाच सरकारने कुंपणाआड घातले. म्हणून या अन्यायाचा सगळा दोष इंग्रजांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येत नाही.

आफ्रिकेतील काळोख

साठ वर्षांनंतर इंग्रजी साहित्यातच या प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. जोसेफ कॉनरॅडची 'हार्ट ऑफ डार्कनेस' १८९९ मध्ये प्रथम मासिकातून प्रसिद्ध झाली. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या ताब्यातील कांगोमध्ये हस्तिदंत आणि रबर यांसाठी माणसांची जी कत्तल चालली होती, तिची पार्श्वभूमी या कथेला आहे. तिच्यातील कुर्ट्झ हा सुसंस्कृत गोरा माणूस हस्तिदंताच्या मागे लागून आतून पार पोकळ झालेला आहे. त्याच्या घराभोवतीच्या खांबांवरील नरमुंडे हे त्या पोकळीचे प्रतीक आहे. कथा सांगणारा मार्लो शेवटी कुर्ट्झच्या वाग्दत्त वधूशी खोटे बोलतो आणि सत्य युरोपच्या दिवाणखान्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणजे टेलरने जे काळोखे विवर अमीर अलीत दाखविले, ते कॉनरॅडने साहेबातच दाखविले. हे मोठेच पाऊल होते. तरीही नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांनी १९७५ मधील आपल्या व्याख्यानात एक बिनतोड आक्षेप घेतला. या कथेत आफ्रिकन माणसे पडद्यावरील सावल्यांसारखी आहेत. गोऱ्या माणसाच्या आत्मशोधासाठी त्यांची केवळ पार्श्वभूमी केली आहे, असा त्याचा आशय होता. दोन्ही कादंबऱ्यांत ज्यांच्यावर राज्य केले गेले, त्यांना स्वतःचा न्याय स्वतः मांडण्याची संधी मिळाली नाही.

कुंपणाच्या आतून

ती संधी मराठी कादंबरीने दिली. विभावरी शिरूरकर या नावाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर यांना गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या वसाहतींतील कामाचा प्रत्यक्ष अनुभव होता. त्यातून १९५० मध्ये त्यांची 'बळी' ही कादंबरी आली. तारेच्या कुंपणातील मांग-गारुडी समाजाचे जीवन तिच्यात आहे. इथे कुंपण हेच प्रतीक आहे. ते आतल्यांना बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरच्यांना आत पाहण्याच्या कर्तव्यातून सूट देते. शीर्षकातील शब्दही विचारपूर्वक निवडलेला आहे. कायदा ज्याला गुन्हेगार म्हणतो, त्याला लेखिका बळी म्हणते.

अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. फकिरा दुष्काळात धान्य लुटतो आणि उपाशी माणसांना जगवितो. इंग्रजांच्या कायद्याने तो दरोडेखोर ठरतो. अमीर अलीला बोचणी नाही आणि फकिरालाही नाही. परंतु दोघांमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अमीर अलीला दुसऱ्याचे दुःख दिसत नाही म्हणून बोचणी नाही. फकिराला ते इतके दिसते, की गप्प बसणे हाच त्याला अपराध वाटतो. आणि आपल्यापायी निरपराध माणसे भरडली जाऊ लागतात, तेव्हा तो स्वतःला सरकारच्या हवाली करतो. टेलरच्या साहेबाने ज्या हातात फक्त रुमाल पाहिला असता, त्या हातात अण्णा भाऊंनी उपाशी लेकरांसाठी उपसलेली तलवार पाहिली. हजेरीच्या वहीत नाव असलेल्या माणसाला त्यांनी कादंबरीचा नायक केले.

धम्माचा निवाडा

बाबासाहेबांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तीन वर्गांची संख्या एकत्र मांडली आहे : गुन्हेगार जमाती सुमारे २ कोटी, आदिवासी सुमारे दीड कोटी आणि अस्पृश्य सुमारे ५ कोटी. ज्या संस्कृतीने असे वर्ग निर्माण केले, तिला संस्कृती तरी कसे म्हणावयाचे, असा त्यांचा सवाल होता. यांत त्यांनी दोष कोणाकडे वळविला, ते पाहावे. जमातीच्या अंगी गुन्हा शोधण्याऐवजी त्यांनी जमात घडविणाऱ्या समाजाला जाब विचारला.

वसल सुत्तात तथागतांनी सांगितले आहे, की माणूस जन्माने नीच ठरत नाही, कर्माने ठरतो. अंगुलिमालाची कथा आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाला माहीत असते. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तिला स्थान दिले आहे. त्याने माणसे मारली होती आणि ते कोणी नाकारले नाही. भिक्खू झाल्यावरही लोकांनी त्याला दगड मारले आणि आपल्या कृत्याचे ते फळ त्याने शांतपणे सोसले. परंतु तो बदलू शकतो, हे भगवंतांनी मान्य केले आणि राजा प्रसेनजितालाही मान्य करावयास लावले. जबाबदारी कृत्याची असते, रक्ताची नसते. आणि कृत्य बदलता येते. १८३६ आणि १८७१ च्या कायद्यांत नेमका हाच विचार नव्हता.

स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कागदावरील कुंपण पडले. मनातील कुंपणाचे काय झाले, हे सांगण्यासाठी आता मला स्वतःकडे वळणे भाग आहे.

एक नोंद

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या वसतिगृहात पारधी समाजातील एक मुलगा सातवीत होता. आईवडील ऊसतोडीला जात, म्हणून मुक्काम इथेच. एके दिवशी एका सहकाऱ्याच्या पिशवीतील पैसे सापडेनात. रात्री सर्व मुलांना ओळीने उभे केले. चौकशी माझ्याकडे होती. साठ-सत्तर मुलांच्या ओळीत मी प्रथम त्याच मुलाचे नाव पुकारले. का पुकारले, याला माझ्याजवळ तेव्हा कारण नव्हते आणि आजही नाही.

तो काही बोलला नाही. मी सांगण्याआधीच आत गेला, आपली पत्र्याची पेटी उचलून आणली आणि सर्वांसमोर उघडून ठेवली. त्याला ते कोणी शिकविले होते, हे मी विचारले नाही. पेटीत दोन सदरे, वह्या आणि बाबासाहेबांचा एक लहान फोटो होता.

दोन दिवसांनी पैसे सापडले. त्या सहकाऱ्यानेच ते किराणा दुकानदाराला देऊन ठेवले होते आणि ते त्यांच्या स्मरणातून गेले होते. मी मुलाला एकट्याला बोलावून चूक झाली असे म्हणालो. तो 'असू द्या सर' म्हणाला. पुढे तो दहावी उत्तीर्ण होऊन गेला.

आरोप मी सगळ्यांसमोर केला होता. क्षमा मात्र बंद खोलीत मागितली. ज्या मुलांनी ती पेटी उघडताना पाहिली, त्यांना पैसे कुठे सापडले ते मी कधी सांगितले नाही. त्यांच्यापैकी काहींच्या मनात तो आजही चोर असेल. मी आंबेडकरी चळवळीत वाढलो, वर्गात जातीचा इतिहास शिकवितो, पंचशील म्हणतो आणि तरीही त्या रात्री मी नळदुर्गच्या साहेबाच्याच खुर्चीत बसलो होतो. कादंबरीतील साहेबाचे अंतःकरण बंद राहिले, ही टीका मी वर केली आहे. ती करणाऱ्याने आपले तरी उघडले पाहिजे.

त्या वर्षीचे विद्यार्थी हा लेख वाचीत असतील, तर त्यांनी लक्षात घ्यावे : त्या मुलाने काहीही घेतले नव्हते, चूक माझी होती. आणि तो स्वतः वाचीत असेल, तर त्याने या समारंभाला अवश्य यावे. जे तेव्हा सर्वांसमोर म्हणावयास हवे होते, ते मी सर्वांसमोर म्हणेन.

पालकांना आणि माझ्या शिक्षक बांधवांना एकच विनंती आहे. वसतिगृहात काही हरवले, तर प्रथम कोणाचे नाव ओठावर येते, ते स्वतःशी तपासून पाहावे. ते नाव कशामुळे आले, याचे उत्तर मिळेपर्यंत ओठ मिटलेले ठेवावेत. हिरी आणि ओत्तप्प हे शब्द आपण मुलांना पाठ करवून घेतो. त्यांची खरी परीक्षा अशा रात्री होते आणि त्या परीक्षेला मुलांपेक्षा आपणच बसलेले असतो.

नमो बुद्धाय. जय भीम.